परत आलेली अन्नपूर्णा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, 'अहो, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हे देव्हाऱ्यातलं कुठून आणलंत?' आम्ही म्हटलं, आमच्या कपाटातून. त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. थट्टा नव्हती, आणि ती का नव्हती ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं हवेतलं वाटेल.

आमची थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिचं लग्न 1962 साली झालं. आपल्याकडे वधू बोहल्यावर जाण्याआधी गौरीहराशी बसते. समोर तांदळात अन्नपूर्णा ठेवलेली असते, तिची ती पूजा करते, आणि तीच अन्नपूर्णा मग मुलीबरोबर सासरी जाते. हातात पळी घेतलेली, बोटभर उंचीची पितळी मूर्ती. तशी अक्काची गेली. 1971 साली अक्काचे यजमान वारले. पदरात पाच वर्षांची मुलगी. अक्का नर्सिंग शिकली, मिशनच्या दवाखान्यात लागली, आणि 1979 साली तिनं बाप्तिस्मा घेतला. कुणी फसवलं, कुणी आमिष दाखवलं, असं नातेवाइकांत पुष्कळ बोललं गेलं. आम्ही अक्काला ओळखतो. तिला आमिष दाखवायला आलेला माणूस स्वतःच्या खिशातलं काहीतरी तिच्याकडे ठेवून परत गेला असता.

बाप्तिस्म्यानंतर महिन्याभरानं एका ओळखीच्या माणसाबरोबर तिनं अन्नपूर्णा परत पाठवली. निळ्या रुमालात बांधलेली, सोबत दोन ओळींची चिठ्ठी. माझ्याकडे ती आता नीट राहणार नाही आणि टाकवत नाही, एवढाच मजकूर. आई तेव्हा होती. आम्हांला वाटलं आई ती आपल्या देव्हाऱ्यात ठेवील. आईनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, 'दिलेली मुलगी आणि दिलेली अन्नपूर्णा परत घेत नसतात. तू शिकलेला आहेस, तू ठरव.'

आम्ही काय ठरवलं? स्टीलच्या कपाटातल्या आतल्या खणात ठेवली आणि विसरलो. त्यानंतर वर्गात वर्षानुवर्षं मूर्ती आणि मूर्त, चिन्ह आणि चिन्हित यावर व्याख्यानं दिली. कपाट घरी होतं.

गेल्या वर्षी भाचीचा फोन आला. अक्का आता 84 वर्षांची आहे. अलीकडचं विसरते, जुनं आठवतं. भाची म्हणाली, 'मामा, आई रोज विचारते, माझी अन्नपूर्णा कुठाय. तुमच्याकडे आहे का?' आणि पुढे अडखळत म्हणाली, 'पण आमच्या मंडळीत एकांना विचारलं, तर ते म्हणाले, अशी वस्तू घरात आणू नका, सापडली तर जाळून टाका.' पितळ जाळायचं कसं हा प्रश्न आमच्या तोंडावर आला होता. गिळला.

आता या प्रसंगाला लोक जी उत्तरं देतात, ती एकेक करून तपासू. आज आम्हांला तेवढंच करायचं आहे.

पहिलं उत्तर सगळ्यांत लोकप्रिय. 'अहो, ती नुसती वस्तू आहे.' हे आमचे बुद्धिवादी मित्र म्हणतात, आणि गंमत अशी की कट्टर एकेश्वरवादीही हेच म्हणतात. पण नुसत्या वस्तूला जाळा, बुडवा, घरात आणू नका, असं कुणी सांगत नाही. स्वयंपाकघरातली पळी धर्मांतरानंतर कुणी परत पाठवत नाही. तिच्याच हातातली पळी मूर्तीच्या हातात गेली की प्रश्न उभा राहतो. म्हणजे 'नुसती वस्तू' म्हणणाराही मनातून ती नुसती नाही असंच धरून चाललेला असतो.

ही अडचण पौलाला नेमकी कळली होती. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय उघडा. प्रश्न मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा आहे, ते मांस खावं की नाही. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही हे आपल्याला ठाऊक आहे. इथवर आमच्या बुद्धिवादी मित्रांचंच मत झालं. पण तो तिथे थांबत नाही. ज्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही, असा भाऊ तुला खाताना पाहील, आणि त्याचं मन डळमळेल, तर तू खाऊ नकोस. म्हणजे वस्तू काय आहे हा प्रश्न त्यानं बाजूला ठेवला आणि ती पाहून शेजारच्याचं काय होतं हा प्रश्न पुढे आणला. आम्हांला ही फार मोठी चाल वाटते. भाचीच्या मंडळीतल्या त्या गृहस्थांनी आधार घेतला तो दुसरा, प्रेषितांच्या कृत्यांतला. इफिसमध्ये जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, किंमत पन्नास हजार रुपये-नाणी भरली, तो प्रसंग. पण नीट पाहा. जाळणारे स्वतः त्या पुस्तकांचे मालक होते, आणि त्या पुस्तकांवर त्यांचा धंदा चालत होता. आईनं लग्नात दिलेली मूर्ती त्यांत कशी बसवायची?

भाचीला आम्ही तिच्याच ग्रंथातला आणखी एक प्रसंग दाखवला. उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात याकोब आपल्या घरच्यांना सांगतो, परके देव काढून टाका. ते लोक देव आणि कानांतली कुंडलं त्याच्या हाती देतात, आणि याकोब ती शखेमजवळच्या झाडाखाली पुरतो. फोडत नाही, वितळवत नाही, विकत नाही. त्या देवांपैकी काही त्याच्या बायकोनं, राहेलीनं, बापाच्या घरून आणलेले असावेत, असा तर्क करायला जागा आहे. चार अध्याय आधीच तिनं बापाचे गृहदेव चोरले होते आणि उंटाच्या खोगिरात घालून वर बसली होती. बाप तंबू धुंडाळून परत गेला. राहेलीनं ते का नेले, भक्तीनं, वारशाच्या हक्कासाठी, की बापावरच्या रागानं, ग्रंथ सांगत नाही. माहेरचे देव नेणाऱ्या मुलीचं मन इतकं झाकून ठेवलेलं आम्ही दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

दुसरं उत्तर आमच्या शेजारच्या गुरुजींचं. 'गोदावरीत सोडा.' या उत्तराला आम्ही हसत नाही. आपल्या कर्मकांडात निरोप देण्याची सोय आहे, ही लहान गोष्ट नाही. गणपतीच्या उत्तरपूजेत अक्षता टाकून मूर्ती जरा हलवतात, मग ती पाण्यात जाते, आणि कुणालाही अपमान झाला असं वाटत नाही. भंगलेली मूर्तीही पाण्यातच जाते. पण अक्काची मूर्ती ना भंगली होती, ना तिची मुदत संपली होती. आणि जिची ती होती ती बाई हयात. तिला न विचारता निरोप कुणाच्या वतीनं द्यायचा?

इथे आपल्या मीमांसकांकडे वळावंसं वाटतं, कारण लोक समजतात तितकी आपली परंपरा मूर्तीच्या बाबतीत एकमुखी नाही. यज्ञ म्हणजे द्रव्य, देवता आणि त्याग. शबरस्वामी देवतेला शरीर मानायला तयार नाहीत. देवाचं गाव, देवाचं शेत, हे नुसतं बोलण्यापुरतं आहे असं ते म्हणतात. देव काही त्याचा उपभोग घेत नाही. अस्सल वैदिक कर्मठांचं हे मत! आणि इकडे 1925 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मलिक घराण्याचा खटला गेला. घरातल्या एका सेवेकऱ्याला आपल्या पाळीत घराण्याची मूर्ती स्वतःच्या राहत्या जागी न्यायची होती. इंग्रज न्यायाधीशांनी सांगितलं, मूर्ती म्हणजे उचलून न्यावी अशी जंगम मालमत्ता नव्हे, तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, आणि तिची बाजू मांडायला हितसंबंध नसलेला माणूस नेमावा. मीमांसक म्हणतो देवाला काही नको असतं, आणि लंडनचा न्यायाधीश म्हणतो देवाला वकील द्या. ही गंमत आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितली. आज ती सांगताना तितकं हसू येत नाही, कारण त्या निकालातली एक गोष्ट आम्ही तेव्हा धावतच वाचली होती. घरातल्या पूजा करणाऱ्या बायकांच्या हिताचाही विचार करा, असंही त्यांनी सुचवलं होतं. आम्ही मालकीवर बोलत राहिलो. रोज हात लावणारी कोण, हे विचारलं नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून एवढंच सांगतो. 1850 च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्याचा वारसा शाबूत ठेवला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 26 व्या कलमानं मात्र धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या वारशातून वगळलं, वारसा उघडण्याच्या वेळी ती हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. आमच्या भाचीचा जन्म आधीचा, म्हणून ती सुटली. तीच बाप्तिस्म्यानंतर जन्मली असती? वकील मित्रांनी यावर विचार करावा.

तिसरं उत्तर सुशिक्षितांचं. 'संग्रहालयाला द्या.' पुण्याचं केळकर संग्रहालय आपण सगळ्यांनी पाहिलंय. दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकाची भांडी. कुणाच्या तरी हातातलं जपून ठेवण्याचं मोठं काम तिथे झालं आहे. पण संग्रहालयाला वस्तू द्यायची तेव्हा तिचा मागचा माणूस संपलेला असावा लागतो. जिवंत बहिणीच्या अन्नपूर्णेला क्रमांक लावायचा म्हणजे बहिणीलाच कपाटात ठेवण्यासारखं झालं असतं. ते तर आम्ही आधीच केलेलं होतं.

आता जरा वाङ्मयाकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो, नवऱ्याच्या विक्षिप्तपणासाठी वाचतो, प्रेमकथा म्हणून वाचतो. आमची या वाचनाबद्दल तक्रार आहे. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. या मधल्या वर्षांत ईश्वर एक की अनेक, यावर त्या पुस्तकात फार वाद नाही. वाद आहे पाण्याच्या भांड्याचा, सोवळ्याचा, वेगळ्या चुलीचा. नवऱ्याकडे परत गेल्यावरही त्यांनी आधी स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांचे वडील सोवळ्याच्या वेडानं घर कसं हैराण करत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं आहे, ते उगाच नाही. बाईचं धर्मांतर मांडणीवरच्या भांड्यांमधून होतं, एकेका वस्तूवरचा हात सैल होत होत. समीक्षकांनी याला 'घरगुती तपशील' म्हटलं आणि पुढे गेले. आम्हीही तरुणपणी असंच लिहिलं होतं. तो लेख आता कुणाला सापडू नये.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या उलट बाजूची. 1883 साली इंग्लंडात, वाँटेजला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या, त्यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे, जरूर वाचा. त्यात क्रूसावरून वाद आहे. क्रूसावरची अक्षरं लॅटिन. रमाबाईंचा सवाल असा की माझ्या क्रूसावर लॅटिनच का, संस्कृत का नको? लॅटिनमध्ये असं काय जास्त पवित्र आहे? आजीबाईंना हा अहंकार वाटला. बहुतेक अभ्यासक या ठिकाणी राष्ट्राभिमानाचं नाव घेतात, आणि ते खोटं नाही. पण आम्हांला वाटतं, रमाबाई त्याहून बारीक काही सांगत होत्या. अंगावर घालायची धर्मखूण देणाऱ्याच्या आवाजात बोलते. ती मला माझ्या वडिलांच्या भाषेत बोलताना ऐकायची आहे. ज्या वडिलांनी मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून बोलणी खाल्ली, त्यांचा धर्म रमाबाईंनी सोडला. त्यांची अक्षरं सोडली नाहीत. एकाच छातीवर दोन्ही राहावं, एवढंच मागणं होतं.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, प्राध्यापक महाशय, म्हणजे जपून ठेवा हेच तुमचं उत्तर. नाही. इथेच आम्हांला स्वतःला अडवायचं आहे.

14 ऑक्टोबर 1956 नंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वस्त्यांतून देव बाहेर पडले. टाक, तसबिरी, मरीआईचं सामान. कुणी नदीत सोडले, कुणी विहिरीत टाकले. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत कुठल्या देवांना मानणार नाही, कुणाची पूजा करणार नाही, हे नावानिशी सांगितलं आहे. या प्रसंगांविषयी आमच्या वर्गातले लोक बोलतात तेव्हा आवाजात हळूच एक हळहळ येते. 'जुने चांदीचे टाक हो, काय काम होतं एकेकावर!' ही हळहळ आम्हांला सहन होत नाही. ज्यांना त्या देवाच्या देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं, त्यांच्या घरी तोच देव मात्र मुलं मागत होता. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचा, थोरल्या मुलाला पोतराज सोडण्याची रीत त्या सांगतात. केस वाढवायचे, कडकलक्ष्मी होऊन अंगावर आसूड ओढायचे, जन्मभर. असा देव नदीत सोडणं म्हणजे पोराच्या पाठीवरचा आसूड नदीत सोडणं. तिथे आठवण म्हणून काही जपा असं सांगणारे आम्ही कोण? वस्तू जपण्याची हौस ज्यांना परवडते, त्यांनी ती इतरांवर नियम म्हणून लादू नये. पितळेची अन्नपूर्णा आणि मरीआईचा गाडा यांना 'धार्मिक स्मृतिचिन्ह' असं एकच नाव देणं हीच मुळात चूक आहे. हे नाव वापरणाऱ्या लेखनाबद्दल आमचा मुख्य आक्षेप हाच, आणि आमच्या जुन्या लेखनाबद्दलही.

गोव्याची तऱ्हा आणखी तिसरी. तिथे वस्तूच गेली आणि माणसं राहिली. सोळाव्या शतकात देवळं पडू लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. घरं दुभंगली. कुणी देवाबरोबर नदीपार गेले, कुणी जमिनीबरोबर राहून ख्रिस्ती झाले. आणि 1736 सालीसुद्धा इन्क्विझिशनला फर्मान काढून सांगावं लागत होतं की दारात तुळस लावू नका. दोन शतकांनंतर! आज कुंकळ्ळीला सांत्र्यांचा उत्सव होतो, फातर्प्याला गेलेली देवी छत्र्यांच्या मिरवणुकीतून आपल्या जुन्या गावी येते, आणि त्या मिरवणुकीत ख्रिस्ती गावकरीही असतात. त्यांना विचारलं की तुम्ही मानता का, तर प्रश्नच त्यांना परका वाटेल. ती गावची आहे आणि घरी आलीय. मानणं आणि ओळख ठेवणं यांत फरक करता येतो, हे आम्हांला कांटनं शिकवलं नाही. कुंकळ्ळीच्या रस्त्यावर छत्र्यांचा गुलाल अंगावर घेत उभे होतो, तेव्हा थोडंसं कळलं.

असो. आमच्या अन्नपूर्णेचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच.

भाचीशी दोन-तीनदा बोलणं झालं. आम्ही तिला पौल सांगितला, याकोब सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, 'मामा, मला शास्त्र नकोय. मी ती वस्तू बघून घाबरीन का, एवढंच मला कळत नाही.' हा प्रश्न पौलाच्या तोडीचा होता. आम्ही म्हटलं, घेऊन येतो. तुला नको वाटलं तर पिशवीतून बाहेरही काढणार नाही.

रुमाल तोच होता, निळा. विटलेला. नगरला पोचलो तेव्हा अक्का पलंगावर बसून शेंगा निवडत होती. आम्हांला ओळखायला जरा वेळ लागला. मग म्हणाली, 'आलास? जेवलास का?' भाचीनं आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, तेव्हा आम्ही गाठ सोडली. अक्कानं मूर्ती हातात घेतली, अंगठ्यानं तिच्या पळीवरून दोनदा पुसलं. नमस्कार केला नाही. आम्ही लक्ष ठेवून होतो, खरं सांगतो, तत्त्वज्ञानाचा माणूस असल्या वेळीही लक्ष ठेवतो. तिनं भाचीला वाटीत तांदूळ आणायला सांगितलं. वाटी आली. मूर्ती तांदळात उभी केली, वाटी खिडकीत ठेवली, क्रूसाच्या खाली पण जरा बाजूला. आणि आमच्याकडे वळून रागावली, 'काळी पडू दिलीस रे. चिंचेनं घासायची ना अधूनमधून.'

भाचीनं त्या मंडळीतल्या गृहस्थांना अजून काही सांगितलेलं नाही. ते घरी येतात तेव्हा वाटी तिथेच असते की उचलून ठेवते, हे आम्ही विचारलेलं नाही. एवढंच कळलं की तांदूळ दर आठवड्याला बदलतात आणि जुने भातात टाकतात. अक्काच्या माघारी मूर्ती कुणाकडे जायची, हे मात्र ठरायचं आहे. भाचीनं तो प्रश्न आमच्याकडे टाकला होता. या वेळी आम्ही म्हटलं, तुझ्या आईला विचार, अजून विचारता येतंय तोवर.

प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटं आहेत. मागच्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.